खवट लोणी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोघी सख्ख्या जावा कामाला होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी असंच म्हणायचे. दर शुक्रवारी जेवणानंतर कामगारांना गोड मिळायचं आणि ते करायचं काम थोरलीकडे होतं. खाणारी तोंडं शेकड्यांनी, त्यामुळे गोल केकचे नखरे परवडण्यासारखे नव्हते. लोणी-साखर फेटायची, अंडी, मैदा, दूध घालायचं, मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतून कोपऱ्यापर्यंत सारखं करायचं आणि ट्रे भट्टीत ढकलायचा. वर कधी सफरचंदाच्या फोडी, कधी कोको. गार झालं की सुरीने चौकोन पाडायचे. संपलं काम.

पण थोरलीला घाण म्हणून खपायची नाही. प्रत्येक अंडं ती आधी वाटीत फोडून बघायची. पिठात कुणी बोट बुडवून चाटलं की तिच्या अंगावर शहारा यायचा. नवरा चिडवायचा, "तुझ्यासोबत जेवायला बसायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

एका शुक्रवारी तिने लोण्याचं नवं खोकं उघडलं आणि नाकाला हातच लावला. शिळं तेल आणि ओला पुठ्ठा एकत्र कुजावा तसा भपकारा आला. वरचा थर काळपट पिवळा पडलेला, बोटाला चिकट. खोकं उचलून ती तडक मॅनेजरच्या टेबलाशी गेली.

"हे घालायचं नाही. वास घ्या."

मॅनेजरने वास घेतला नाही. "अहो बाई, व्हॅनिला जरा सढळ हाताने घाला. कुणाच्या बापाला कळत नाही."

"मला कळतंय ना!"

"तुम्हाला कुठे खायचंय?"

या वाक्याचीच तिला लोण्याहून जास्त किळस आली. तिने ॲप्रन सोडला. "मी हात लावणार नाही."

मागे धाकटी कांदे चिरत उभी होती. तिने डोळे पुसले, हात धुतले आणि म्हणाली, "द्या साहेब, मी करते. ताईंचं नाक जरा नाजूकच आहे."

थोरलीची रवानगी भांडी घासायला झाली. तिथून तिला वाढपाची खिडकी दिसायची. केक छान फुगून आला होता, वरून सोनेरी. आता पहिल्या घासालाच लोक थुंकतील, मग मॅनेजर तोंड कुठे लपवतो बघू, म्हणून ती हातातली कढई तशीच धरून उभी राहिली. कामगारांनी एकेक चौकोन उचलला, दुसऱ्यासाठी परत रांग लावली. एक जाडा फोरमन तर ट्रेच्या कडेला चिकटलेला खरपूस भाग नखाने खरवडून खात होता. जाताना तो खिडकीशी वाकला, "मावशी, आज काय हात लागलाय तुमचा! एकदम झकास!"

"तो मी केलेला नाही. लोणी खवट होतं त्यात."

तो हसला, बोटं चाटली आणि गेला.

संध्याकाळी धाकटीने उरलेले तुकडे डब्यातून घरी आणले. पोरं तुटून पडली. थोरलीच्या नवऱ्यानेही दोन खाल्ले आणि मिशीवरचा चुरा झटकत म्हणाला, "चांगला झालाय की गं. उगाच तमाशा केलास."

इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याला चव कळत नाही, या विचाराने तिला त्या मिशीकडे बघवेना. रात्री तिने पाठ फिरवली ती सकाळपर्यंत.

दोन महिने धाकटी केक करत राहिली. जावांमध्ये कामापुरतं बोलणं उरलं. मग एका शुक्रवारी धाकटी मोरीशी आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, आता माझ्या केसांनासुद्धा तो वास येतो. भात खाताना येतो. आज खोकं उघडलं आणि ओकारीच झाली."

"मग घालू नकोस."

"तुम्ही नाही घातलंत तर मी घातलं. मी नाही घातलं तर आणखी कुणीतरी घालेल."

थोरलीने साबणाचे हात झटकले. "घालायला लोणी असेल तर ना!"

दोघींनी मिळून खोकी मागच्या दाराने ओढत नेली आणि उकिरड्यावर उपडी केली. वरून राख टाकली. मॅनेजरने आकाशपाताळ एक केलं. पण दोन्ही बाया एकदम काढल्या तर उद्याचं जेवण कोण रांधणार? ओरडून ओरडून त्याचा घसा बसला आणि तो गप्प झाला. त्या दिवशी गोड मिळालं नाही म्हणून कामगारांनी शिव्या घातल्या त्या मात्र या दोघींनाच.

पुढच्या आठवड्यात ताजं लोणी आलं. पांढरंशुभ्र, दुधाच्या वासाचं. थोरलीने पुन्हा ट्रे हातात घेतला, धाकटीने सफरचंदं चिरली. केक हलका झाला, तोंडात ठेवताच विरघळणारा. थोरली स्वतः खिडकीत उभी राहून वाढत होती. जाड्या फोरमनने घास घेतला, थोडा वेळ चावला आणि नाक मुरडलं.

"पूर्वीची चव नाही राहिली हो मावशी. काहीतरी कमी पडतंय."

मागच्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

ट्रे धाकटीच्या हातात देऊन थोरली मोरीवर गेली, नळ सोडला आणि पचकन थुंकली.