खाकी शर्टानं पुसलेली गाडी

देवमन तायडे यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, पण त्या एकतीस वर्षांत एकाही गाडीला स्वतःच्या हातानं पाणी लावलं नाही. गाड्या धुवायला डेपोत माणसं होती. देवमनराव फक्त समोरची काच पुसायचे, तीसुद्धा रस्ता दिसावा म्हणून कमी आणि ड्रायव्हर साहेब आलेत हे प्रवाशांना कळावं म्हणून जास्त. त्यामुळे मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता हा माणूस लुंगी वर खोचून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि हातात बादली घेऊन अंगणात उतरला, तेव्हा शेजारचे नत्थुजी हातातला चहा तसाच ठेवून कुंपणाशी आले.

नत्थुजी म्हणजे निवृत्त कंडक्टर. अमरावती-अकोला मार्गावर दोघांनी अकरा वर्षं जोडीनं काढली होती. पुढं अमरावतीत प्लॉटही शेजारी शेजारीच घेतले, कारण मागून कोणीतरी सूचना देत असल्याशिवाय देवमनरावांना पुढं जाताच येत नसे.

"काहून रे देवमन, केशरबाई वहिनी बहिणीकडं अचलपूरले गेली तं धुणंभांडे लागले काय तुह्या मागं?"

"गाडी पॉलिश करून राहिलो."

"कोनाची?"

"ज्योत्स्नाची. काल संध्याकाळी आली ना थे अकोल्यावरून."

"सोता चालवत?"

"मंग काय डोक्यावर घेऊन येईन?"

"बाप्पा! घरची कढई कवा घासली नाई या मानसानं, अन् पोरीची गाडी घासून राहिला!"

ज्योत्स्ना ही देवमनरावांची एकुलती एक मुलगी, अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स. गडद निळ्या रंगाची ही गाडी तिनं महिन्यापूर्वीच सेकंडहँड घेतली होती. काल ती आली तेव्हा देवमनराव बाजारात गेले होते, त्यामुळे पोरीला गाडी चालवताना बघायचं राहूनच गेलं. आठवडाभर रात्रपाळी करून आलेली ती अजून आत कूलरसमोर झोपली होती. ती उठायच्या आत गाडी आरशासारखी करायची, तिला खूश करायचं आणि मग सहा वर्षं छातीत अडकलेली एक गोष्ट सांगून टाकायची, असा देवमनरावांचा बेत होता. त्यांना वाटायचं, आधी काहीतरी द्यावं आणि मग कबुली द्यावी, म्हणजे समोरच्याला ओरडायला जड जातं.

ती गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी एसटीत बायकांना ड्रायव्हर म्हणून घ्यायचं ठरलं, तेव्हा ज्योत्स्नानं फॉर्म भरला. त्याआधी बापाला न विचारता ती एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकली होती. विचारलं असतं तरी उपयोग नव्हता. डेपोतल्या दोन डझन नव्या पोरांना शेजारी बसून घडवणाऱ्या देवमनरावांनी स्वतःच्या पोरीला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. मग चाचणीला बोलावणारं पत्र आलं. पोस्टमननं ते फाटकातच देवमनरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी करून खाकी शर्टाच्या खिशात घातलं आणि त्याच दिवशी मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहाच्या टपरीमागं उभं राहून त्याचे बारीक तुकडे केले. अकरा वर्षांत डब्यातली भाजीसुद्धा नत्थुजींपासून लपली नव्हती, तर पत्र कुठून लपणार? त्यांनी पाहिलं. "हे बरं नाई केलं लेका," एवढं ते म्हणाले. मग दोघं गाडीत चढले आणि नत्थुजींनी घंटी दिली.

"आज सांगतं काय मंग?" कुंपणावर कोपर टेकून नत्थुजींनी हळूच विचारलं.

"आधी गाडी तं चमकू दे."

"गाडी चमकली नाई तं?"

"तू चहा पे."

पॉलिशवाल्या दुकानदारानं काल अर्धा तास सगळं नीट समजावलं होतं. आधी भरपूर पाण्यानं धूळ जाऊ द्या. सावलीत, गाडी थंड असताना काम करा. पॉलिश थोडंसंच घ्या. मेण पातळ लावा, एक भाग पूर्ण करा आणि मगच दुसऱ्याला हात घाला. फडकं मऊ पाहिजे. देवमनराव प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते, पण ती मान नव्या डेपो मॅनेजरसमोर हलवायची मान होती. तिच्यातून कानात काही जात नसे.

त्यामुळे झालं असं की पाणी अर्धी बादलीच पडलं. मूर्तिजापूरकडच्या काळ्या मातीची धूळ बॉनेटवर तशीच राहिली आणि देवमनरावांनी ती घासून घासून पॉलिशमध्ये मुरवली. कडुनिंबाची सावली होती, पण ती साडेदहापर्यंतच, पुढं ती नत्थुजींच्या अंगणात निघून गेली. मग मेणाचा डबा उघडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी चोळावं तसं त्यांनी ते गाडीभर एका दमात थापलं, अगदी आरशांच्या पाठीलासुद्धा. अमरावतीच्या मे महिन्यात अकरा वाजता पत्र्याला बोट लावून बघा. दहा मिनिटांत मेण भाजून पांढरंफटक झालं आणि निळी गाडी तोंडाला कोल्ड क्रीम थापून वाळत बसल्यासारखी दिसू लागली.

"देवमन, हे निघन ना?"

"निघन. सूत पाहिजे चांगलं."

पुसायचं सूत म्हणून ते आतून काय घेऊन आले, तर आपला जुना खाकी शर्ट. एकतीस वर्षांच्या नोकरीतला शेवटचा. धुऊन धुऊन तो खरोखरच सायीसारखा मऊ झाला होता. कुठल्याही दुकानातलं फडकं आपल्या खाकीची बरोबरी करणार नाही, याबद्दल एसटीच्या कुठल्याही माणसाला शंका नसते, तशी नत्थुजींनाही नव्हती. "हे बेस झालं," ते म्हणाले. दोघांपैकी एकालाही त्या शर्टाची पितळी बटणं आठवली नाहीत. देवमनरावांनी शर्टाचा बोळा केला, दोन्ही हातांनी दाबला आणि बॉनेटवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. मेण हट्टी, म्हणून जोर वाढला. कर्र आवाज आला तो त्यांना मेणाचाच वाटला. पाच मिनिटांनी पांढरं थोडं सरकलं, तर खाली निळ्या रंगावर शाळेतल्या पोरानं कंपास चालवावा तशी वर्तुळंच वर्तुळं.

देवमनरावांनी शर्ट उलटा केला. बटण ऊन पडून चकाकत होतं, गाडीपेक्षा जास्त.

तेवढ्यात दार वाजलं. ज्योत्स्ना डोळे चोळत बाहेर आली. गाडीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, बोटानं एक वर्तुळ गिरवलं.

"बाबा, बटनं तं तोडून घ्याची होती," ती म्हणाली आणि हसायलाच लागली.

"माह्यं चुकलं," देवमनराव म्हणाले. "चुकलंच. मी गॅरेजात नेऊन देतो. सावलीत कराले पाहिजे होतं. माह्यंच चुकलं."

"असू द्या हो. दवाखान्याच्या पार्किंगात याच्याहून मोठे ओरखडे पडतात. या वयात उन्हात कोनी सांगितलं होतं तुमाले?"

देवमनराव चकित होऊन उभे राहिले. 'चुकलं' हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत उच्चारला नव्हता. मेळघाटच्या घाटात मागचं चाक नालीत गेलं तेव्हासुद्धा चूक नालीची होती. आणि आता तोच शब्द सलग तीनदा, नळ सोडावा तसा तोंडातून आला होता. म्हणजे तो येत होता. सहा वर्षं येऊ शकला असता. कुंपणापलीकडं नत्थुजी खाकरले.

"ज्योत्स्ना, तुह्यं पत्र आलं होतं."

"कोनतं?"

"एसटीचं. चाचणीचं. सहा वर्सं झाली. मी फाडलं थे."

तिचं बोट बॉनेटवर होतं, ते तिथंच राहिलं. पत्रा तापलेला होता तरी तिनं ते उचललं नाही.

"कवाची तारीख होती?"

"अकरा जून. सकाळी दहा."

या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख कधी सांगता आली नव्हती. ही मात्र त्यानं एका श्वासात सांगितली.

"त्या उन्हाळ्यात मी रोज पोस्टमनले इचारत होती बाबा. तुमच्यासमोर इचारत होती."

"हो."

"अन् तुमी पेपर वाचत बसत होते."

"हो."

"काहून पण?"

सहा वर्षांत देवमनरावांनी या प्रश्नाची उत्तरं छान तयार ठेवली होती. मुक्कामाच्या गाड्या, आडगावचे स्टँड, दारू पिऊन चढणारे लोक, पोरीची जात, बापाचा जीव. प्रत्येक उत्तर खरं वाटावं असं होतं. आत्ता ती सगळी बाजूला राहिली.

"डेपोच्या रेस्टरूममधले डायवर लोकं हसतीन म्हनून," ते म्हणाले. "मले हसतीन म्हनून."

ज्योत्स्नानं बोट बॉनेटवरून उचललं. मग म्हणाली, "मले वाटलं होतं, मीच कुठी कमी पडली."

नत्थुजी कुंपणावरचं कोपर काढून घरात निघून गेले.

ती आत गेली आणि बॅग घेऊनच बाहेर आली. दोन दिवस राहणार होती ती. आई येईस्तोवर थांब, जेवून तरी जा, असं देवमनराव म्हणाले. ती "नको" म्हणाली, रागानं नाही, आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगावं तसं. समोरच्या काचेवर मेण होतं, म्हणून त्यांनी पटकन बादलीतलं फडकं उचललं.

"राहू द्या बाबा. मी पुसते."

तिनं काच पुसली, दोन्ही आरसे पुसले आणि आत बसली.

गाडी मागं घेऊनच काढावी लागणार होती. एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, त्यातून मधेच गल्ली वळते. नव्या पोरांना देवमनराव नेमकं अशाच जागी नापास करत. सवयीनं ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले, हात वर केला आणि "येऊ दे, येऊ दे" म्हणायला तोंड उघडलं. ज्योत्स्नानं डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला. गाडी नालीपासून वीतभर अंतर राखून एका लयीत मागं आली, वळणाशी न थांबता वळली आणि रस्त्याला सरळ लागली. ब्रेक नाही, धक्का नाही, दुसरा प्रयत्न नाही. त्यांच्या हातावर तयार झालेल्या दोन डझन पोरांपैकी एकालाही हे असं जमलं नव्हतं.

"गेली काय?" नत्थुजींनी खिडकीतून विचारलं.

"गेली."

"कशी चालवते रे?"

देवमनरावांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी खाली घेतला.

"माह्याहून चांगली."

हे तिला सांगायला पाहिजे होतं. ते चपला न घालताच भरभर कोपऱ्यापर्यंत गेले, पण तोवर पांढरी-निळी गाडी बडनेऱ्याच्या दिशेनं निघून गेली होती.