मोडेम किती खातो?

आमच्या मामाने उभी हयात वसतिगृहाची मेस सांभाळण्यात घालवली. आपला अंदाज कधी चुकला नाही, असं तो छातीठोकपणे सांगतो. चुकणार कसा? शंभर जेवायचे असले की हा सव्वाशेंचं शिजवणार, वर हाताशी असावं म्हणून आणखी एक पातेलं.

कॉम्प्युटरबाहेरचा मोडेम उचलून कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं त्याने ठरवलं, तेव्हाही हेच डोकं चाललं. त्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझ्या मामेबहिणीचे परदेशात दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण, आणि मामीला व्हिसाच मिळाला नाही. "काही झालं की लगेच ईमेल करतो," असं जावई म्हणाला होता. तेव्हापासून मामीचा जीव टांगणीला. इकडे रोज दुपारी वीज जायची. कॉम्प्युटर यूपीएसवर तग धरायचा, पण मोडेमचा अडॅप्टर भिंतीत, म्हणून मोडेम मान टाकायचा. पुन्हा जोडायला जावं तर इंटरनेटचा नंबर तासन्‌तास लागायचा नाही. यूपीएसला मागे जागा दोनच आणि दुकानदाराने तिसरं काही जोडू नका म्हणून बजावलेलं. मग मोडेमला कॉम्प्युटरच्याच पॉवर सप्लायवर पोसायचं, असं मामाने ठरवलं.

"पण हा खातो किती?" मामाने मला विचारलं.

अडॅप्टरवर नऊ व्होल्ट, एक अँपिअर लिहिलेलं. मी म्हटलं, "नऊ वॅट."

मामाने मदतीला बोलावलेला टीव्ही दुरुस्त करणारा म्हणाला, "तो आकडा अडॅप्टर किती देऊ शकतो त्याचा. मोडेम तेवढं घेतोच असं नाही."

"म्हणजे कमी घेतो?"

"कमीच. पण तुम्ही पंधरा धरा."

कमी घेतो तर जास्त का धरायचं, हे मामाला कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं, पण मी जाणत्यासारखी मान हलवली. मामाने पंधराचे तीस केले. मग कॉम्प्युटरमधल्या एकेका वस्तूला तसंच वाढून दिलं, आणि बेरीज सप्लायच्या दोनशे वॅटच्या पुढे गेली. मामाचा चेहरा उतरला. शेवटी सीडी ड्राइव्हला पंगतीतून उठवलं. त्या रिकाम्या खणात मोडेम बसवला, सप्लायच्या बारा व्होल्टचे नऊ करणारा एक तुकडा टीव्हीवाल्याने मधे जोडून दिला, आणि लाल दिवे लुकलुकले. मामा असा खूश झाला की विचारू नका!

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्याने इंटरनेट जोडलं आणि कोणालाही हात लावू दिला नाही. दुपारी वीज गेली. बॅटरी पुरावी म्हणून मामाने मॉनिटर बंद केला. खणातले दिवे चालूच! वीज परत आली तरी जोडणी तुटली नव्हती.

"बघ! एक क्षण खंड नाही," मामा म्हणाला.

पण ईमेल येईना. मामा पुन्हा पुन्हा पाहत होता. वीज कमी पडत असेल का? नऊऐवजी बारा द्यायला हवे होते का? मला तर काहीच सुचत नव्हतं. आत-बाहेर करून मामी रडकुंडीला आली. शेवटी बहिणीशी बोलून मन मोकळं करावं म्हणून तिने फोन उचलला.

"अहो, यात हे काय किर्रर्र वाजतंय?"

"ठेव, ठेव! जोडणी तुटेल!" मामा ओरडला.

तुटलीच. मामीने रिसीव्हर आपटला. मामा पुन्हा जोडायला वाकला, तेवढ्यात फोन खणखणला. रोज आम्ही संध्याकाळी जरा वेळ इंटरनेट जोडायचो. आज सकाळपासून फोनची तार मोडेमने अडवून धरली होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उतरलं.

फोन मामाने घेतला. पलीकडे त्याची लेक होती, थकलेली, पण तीच. मुलगी झाली होती. तिला आणि जावयाला अचानक दवाखान्यात जावं लागलं आणि तिथे कॉम्प्युटर कुठला! आत नेण्याआधी तिला एकदा आईशी बोलायचं होतं. ऑपरेशन ठरलं होतं आणि ती घाबरली होती.

मामाने आमच्याकडे पाहिलं. रिसीव्हर त्याच्या कानापासून थोडा सुटला होता, म्हणून तिचं बोलणं आम्हालाही ऐकू आलं.

"बाबा, मी किती वेळ फोन लावत होते. सकाळपासून कोणाशी बोलत होतात तुम्ही?"

मामाने फोन मामीच्या हातात दिला.