नवरात्रातला साबण

बंगळूरच्या जयनगरात अजून मोकळे प्लॉट होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या अक्का खोबरेल तेलाचा साबण घरीच करायच्या आणि बोलता बोलता पापड उलटावेत तशा वड्या उलटायच्या. त्या वर्षी नवरात्र उकाड्याचं, दमट आलं आणि वड्यांना पाणी सुटू लागलं. वारा यायचा तो फक्त खिडकीजवळच्या, नवरात्रात पूजेच्या बाहुल्या मांडायच्या लाकडी पायऱ्यांवर. अक्कांनी बाहुल्या ट्रंकेत ठेवल्या आणि पायऱ्यांवर साबण मांडला.

हळदीकुंकवाला मी गेले, तेव्हा तिथे आलेल्या त्यांच्या घरमालकीणबाई कडाडल्या, "अय्यो, देवाच्या जागी साबण? आधी उचला तो!"

"बाहुल्यांना घाम येत नाही, साबणाला येतो," अक्का म्हणाल्या. "स्वल्प बाजूला व्हा. वारा अडवताय."

घरमालकीणबाई बाजूला झाल्या. मीही झाले.