हालूं नाकात, बरयता तें!

भजन संपलं की माणसं काय करतात? कोणी टाळ खाली ठेवतो, कोणी खाकरतो, कोणी पंच्याने मान पुसतो. आमच्या भजनी मंडळात यातलं काहीही करायची सोय नव्हती. शेवटची टाळी पडायच्या आत काटेभाऊंचा उजवा हात वर जायचा आणि त्यांचा दबका, पण धाक असलेला आवाज यायचा, "हालूं नाकात. बरयता तें." बरयता म्हणजे लिहितंय. मग आम्ही सगळे, अगदी मृदंगवाल्यासकट, जिथे असू तिथे पुतळे. मी पेटीवर. मला तर भाता मिटायचीही चोरी, कारण भाता मिटताना पेटी उसासा टाकते आणि तो उसासा म्हणे आत जातो. त्या अवस्थेत नाकावर माशी बसली तर ती बसू द्यायची. मंडळात मला आलेला पहिला राग हा भैरवी नव्हे, तो काटेभाऊंचाच.

लिहीत असायचं ते एक यंत्र. अंगाच्या साबणाच्या वडीएवढं, रुपेरी, मिनीडिस्क नावाचं. भाऊंचा मेव्हणा बोटीवर होता, त्याने परदेशातून आणून दिलेलं. आतली चकती चौकोनी डबीत कायमची बंद; तिला बोट लागायची भीती नाही. गाणं चालू असताना यंत्र ते टिपून घ्यायचं, पण कुठलं गाणं कुठे ठेवलं याची नोंद मात्र अगदी शेवटी, बंद करताना करायचं. ती नोंद होईपर्यंत पडद्यावर अक्षरं लुकलुकत. तेवढ्यात बॅटरी संपली किंवा धक्का बसला, तर गायलेलं सगळं फुकट. भाऊंना यात काही विचित्र वाटत नसे. ते डिचोलीकडच्या एका खाणीवर, खनिजाचे ट्रक तोलायच्या काट्यावर कारकून होते. म्हणत, "ट्रक काट्यार चडलो म्हूण वजन जायना, मास्तर. पावती फाटूंक जाय." म्हणजे पावती फाटली तरच वजन खरं. काट्यावर बसायचे म्हणून काटेभाऊ. स्वभावाने काटेकोर होते म्हणूनही, आणि कधीकधी नुसते काटे म्हणूनही.

मी मूळचा पार्सेचा. प्राथमिक शाळेत नोकरी लागली ती डिचोली तालुक्यात, आणि बिऱ्हाड मिळालं ते भाऊंच्या शेजारी, खाणीच्या रस्त्यावर. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती, पण कोकणी की मराठी हा वाद अजून धुमसत होता. आमच्या मंडळातही दोन तट होते. वाद कोकणीत घालायचे आणि मग मांडी ठोकून मराठी अभंग म्हणायचे. भाऊ कुठल्याच तटात नसत. "मशीनाक भास कळना, ताका आवाज कळटा," एवढं म्हणून ते माइकची तार लावायला घेत. दोन्ही तट यंत्रासमोर मात्र सारखेच गप्प बसत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

या यंत्रावर भाऊंचा एवढा जीव का, ते मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं. भाऊंचे वडील पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी बुवा. त्यांच्या हयातीत कोणीतरी त्यांची भजनं कॅसेटवर घेतली होती. बुवा गेले, आणि पुढे एका पावसात कपाटातल्या त्या सगळ्या कॅसेटींवर बुरशी आली. लावल्या तर नुसती खरखर. भाऊंनी त्या फेकल्या नव्हत्या. एका ट्रंकेत होत्या. माझ्यासमोर ट्रंक उघडून त्यांनी एक हातात घेतली, पांढऱ्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कॅसेट म्हळ्यार पाव. पावसांत चार दीस रावलो की बुरशी धरता. आनी ही डिस्क म्हळ्यार डब्यांतलें बिस्कूट." मग ट्रंक बंद केली. बापाचा आवाज गेला हे ते कधी तोंडाने म्हणाले नाहीत, पावाचंच बोलले.

त्यांची खात्री होती की हे यंत्र एक ना एक दिवस घरोघर होणार. "येतलें, येतलें. आदीं म्हापशांत येतलें, मागीर हांगाय येतलें." येतलें म्हणजे येणारच. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले की तिथल्या कॅसेटवाल्याकडे जाऊन कोऱ्या डिस्क आल्या का म्हणून विचारत. तो आधी "पुढल्या महिन्यात" म्हणायचा, मग "सीडी घ्या ना भाऊ" म्हणू लागला, आणि पुढेपुढे भाऊ दिसले की नारळ मोजायला बसल्यासारखा मान खाली घालायचा. सीडीला भाऊ नावं ठेवत: उघडी, नागडी, ओरखडे येणारी. डिस्क शेवटपर्यंत मेव्हण्याच्या बॅगेतूनच यायच्या.

बरं, ध्वनिमुद्रण करून देणार कोणाला? सगळ्या तालुक्यात ते ऐकायचं यंत्र एकच, भाऊंचं. मग ज्याला स्वतःचं भजन ऐकायचं असेल त्याने भाऊंच्या ओसरीवर यायचं. कानात घालायच्या नळ्याही एकच जोडी. आमच्या मंडळातले दोन मुख्य गायक, जे भाषेवरून एकमेकांशी बोलत नव्हते, ते त्या ओसरीवर गालाला गाल लावून बसलेले, एक नळी याच्या डाव्या कानात, दुसरी त्याच्या उजव्या कानात, हे दृश्य बघायला वहिनी मुद्दाम चहा घेऊन बाहेर यायच्या. "ह्या मशीनान समझोतो घडयलो," त्या म्हणत. घरात त्या यंत्राला त्या सवत म्हणायच्या, पण पुसून ठेवायच्याही त्याच.

पुढे गावात संगणक आले. भाऊंनी नवं यंत्र मागवलं, संगणकाला जोडता येणारं. आता आपली सगळी भजनं संगणकावर चढवायची आणि सगळ्यांना वाटायची, असा त्यांचा बेत. पण ते यंत्र एकमार्गी निघालं. संगणकातली गाणी पोटात घ्यायचं, आणि आपण स्वतः टिपलेली परत संगणकाला द्यायला साफ नकार. करणाऱ्यांनीच तसं करून ठेवलं होतं, चोरी होऊ नये म्हणून. भाऊ आठवडाभर खट्टू होते. "म्हजेंच भजन म्हाका दिना, मास्तर. भितर घेता, भायर दिना!" त्यात त्याची बारकी, पट्टीसारखी बॅटरी मेली. तशी दुसरी कुठे मिळेना. तेव्हापासून यंत्र भिंतीतल्या तारेवर चालू लागलं आणि "हालूं नाकात"ची धार आणखी वाढली.

आता आयेबद्दल सांगायला हवं. आये म्हणजे भाऊंची आई, बुवांची पत्नी. बुवा शेवटची भैरवी एका खास चालीत म्हणत. ती त्यांची स्वतःची. मंडळात कोणाला ती पुरी येत नव्हती. जुने लोक "तशी नव्हती ती" एवढंच सांगत. कॅसेटी गेल्या तशी चालही गेली असं सगळे धरून चालले होते. एकदा मी भाऊंकडे दुपारी गेलो तर स्वयंपाकघरातून कोणीतरी गुणगुणत होतं, आणि भाऊ दाराशी श्वास रोखून उभे. आये ओसरीवर कधी आली नाही, पुरुषांत कधी गायली नाही. पण चुलीपाशी बसून तिने जन्मभर ती चाल ऐकली होती. ती तिच्यापाशी जशीच्या तशी होती.

तिला तयार करण्यात भाऊंचा सगळा उन्हाळा गेला. शेवटी एका रविवारी दुपारी ती हो म्हणाली. रविवार अशासाठी की रस्त्यावर ट्रक नसत. मी पेटीवर नुसता सूर धरला. आयेने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि गायली. आवाज थकलेला, पण एकही स्वर जागा सोडून नाही. अंतऱ्यात एके ठिकाणी चाल खाली येता येता अशी काही वळली की माझी बोटं पेटीवर थिजली. भजन संपलं. भाऊंचा हात वर गेला. पण आये आमच्या मंडळात कधी बसलीच नव्हती. तिला हा नेम कोण सांगणार? तिच्या लेखी भजन झालं की टाळाला, मृदंगाला नमस्कार करायचा. तिने समोरचं यंत्र भक्तिभावाने दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं. तार भिंतीतून निसटून बाहेर आली.

पडदा काळा झाला. भाऊंनी तार परत लावली. डिस्क कोरी होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. आयेने विचारलं, "बरयलें?" भाऊ म्हणाले, "बरयलें, आये. बेस आयलां."

लगेच तिने ऐकायला मागितलं. आता काय करणार? भाऊंनी आमच्या मंडळाची, तीच भैरवी, रोजच्या चालीतली, लावली आणि नळ्या तिच्या कानांत घातल्या. आये बराच वेळ ऐकत राहिली. मग नळ्या काढून भाऊंच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "म्हजो आवाज तुज्या बापायसारको कसो येता रे?" आणि हसली. आम्हीही हसलो. म्हातारी फसली, असंच मला वाटलं.

खोटं बोलण्याची पंचाईत ही की ते मागे घेता येत नाही. भाऊंनी पुन्हा यंत्र काढलं की आये ते बाजूला ठेवायला लावायची, म्हणायची, "कुशीक दवर तें. एकदां बरयलां न्ही? मागीर आनीक कित्याक?" आणि "गेलं ते" हे सांगायची भाऊंची छाती होईना. कसं सांगणार? तिच्याच हातून गेलं होतं. एक मात्र झालं. जन्मात मोठ्याने न गायलेली आये तेव्हापासून रोज सकाळी आदोळीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरताना ती भैरवी म्हणू लागली. भाऊ कामावर निघायच्या वेळेला, बाहेर ट्रकांची रांग घरघरत असताना. भाऊंना ते सहन व्हायचं नाही. "रोज गायता मास्तर, आनी हांव आयकूनय कांय करूंक शकना." ते चपला घालत तसेच दारात उभे राहायचे, आणि तिचं संपल्यावरच निघायचे.

आये गेली ती एका श्रावणात, शांतपणे. पुढे काही वर्षांनी खाणी बंद पडल्या. ट्रक काजूंच्या झाडांखाली उभ्या-उभ्या गंजू लागले, काट्यावरची नोकरी गेली, आणि रस्त्यावर अशी शांतता आली की पलीकडच्या माडांच्या भाटातला नारळ पडलेला ऐकू यावा. "आतां रेकॉर्डिंगाक बरें," भाऊ म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर कडवट हसले. कारण यंत्र तोवर बंद पडलं होतं. मेव्हणा बोटीवरून कायमचा घरी आला होता, आणि आता परदेशातही ते कोणी बनवत नाही, ही बातमी त्यानेच आणली होती. भाऊ त्यावर "येतलें" म्हणाले नाहीत. मला त्यांची तेव्हा फार कीव आली. माणसाचा एक शब्दच गेला होता.

एका संध्याकाळी मी पेटी घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "भाऊ, आयेची चाल तुमीच म्हणून दाखयात. हांव सोदून काडटां." ते दचकले. उभ्या जन्मात त्यांनी भजनात तोंड उघडलं नव्हतं. बुवांच्या मुलाला गळाच नव्हता. प्रयत्न केला. कुंपणाचं फाटक वाजावं तसं काहीतरी बाहेर आलं. ते थांबले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "भितर आसा, मास्तर. भायर येना." आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांची नजर कोनाड्यातल्या त्या मेलेल्या यंत्राकडे गेली.

मग आम्ही दुसरी रीत काढली. मी अंदाजाने स्वर दाबायचे, आणि त्यांनी फक्त सांगायचं. "हें न्हय." "हेंय न्हय." "मातशें सकयल," म्हणजे जरा खाली. "हां!" कान असा की केसभर चूक खपवून घेतली नाही. पावसाळाभर हा उद्योग चालला. ओळीमागून ओळ सापडत गेली. अंतऱ्यातल्या त्या वळणापाशी मात्र आम्ही अडलो. भाऊ हळूच म्हणाले, "हांगा ती रोज थांबताली. परत म्हणटाली. आनी परत." मी विचारलं, "विसरायची?" त्यांनी मान हलवली. "आये विसरता? ती म्हज्याखातीर थांबताली. तिका त्याच दिसा कळिल्लें, मास्तर. बाबाची चाल तिका कळची ना? ती फसलीच ना." म्हणजे म्हातारी फसली नव्हती; फसलो होतो तो मी. आणि काटेभाऊ, जे बापाच्या कॅसेटींसाठी फक्त पावाच्या भाषेत रडले होते, ते ओसरीवर बसून उघडपणे रडले. वहिनी आतून आल्या आणि काही न विचारता त्यांच्या शेजारी बसल्या. ते वळण आम्हाला त्याच संध्याकाळी सापडलं.

चवथीला, गणपतीपुढे, मंडळाने बुवांच्या चालीत भैरवी म्हटली. जुने लोक "हीच ती" म्हणाले. भाऊ भिंतीला टेकून बसले होते, पुढ्यात यंत्र नाही, तार नाही. शेवटची टाळी पडली आणि सवयीने त्यांचा हात वर गेला. "हालूं नाकात..." म्हणाले, आणि आपल्या रिकाम्या पुढ्यात पाहिलं. पण आम्ही कोणीच हाललो नाही. भाऊंनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं, आणि मग सावकाश हात खाली घेतला.

काटेभाऊ आता नाहीत. मंडळात नवी मंडळी आली आहेत. भैरवी संपल्यावर सगळे थोडा वेळ निश्चल बसतात, कोणी टाळसुद्धा खाली ठेवत नाही. ही बुवांच्या काळापासूनची परंपरा आहे असं नव्यांना वाटतं, आणि पाहुण्यांना ते तसंच सांगतात. परवा मृदंगावरच्या नव्या गृहस्थांनी मला विचारलं, "मास्तर, हें अशें बसप कित्याक?" मी पेटीचा भाता अजून धरून ठेवला होता. त्यांना नजरेनेच थांबवून म्हटलं, "रावात. बरयता तें."