चांदणी आली की पाय उचलायचा

“अण्णा, हा अजून गुरगुरतोय,” फिलोमिना मिस म्हणाल्या आणि पियानोची अगदी डावीकडची एक पट्टी दाबून सोडली.

पियानो त्यांचा, केशवापुरातल्या घरातला. त्यावर त्या पोरांना शिकवतात. उंदरांनी आतलं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड, खाल्लं होतं, ते मी नवीन घालून दिलं होतं. मी पेटी दुरुस्त करणारा माणूस. हुबळी-धारवाडात कुणाचीही पेटी कण्हायला लागली की माझ्याकडं येते. शाळा चौथीपर्यंत, पण कान कुणाला हार जाणारा नाही.

मी स्टुलावर बसलो. ती पट्टी वाजवली. शेजारच्या वाजवल्या. सगळ्याच घुमत होत्या.

“मिस, पेटी बोट उचललं की गप्प होते. ह्याला तारा आहेत. घुमणारच.”

“बाकीच्या गप्प होतात. ही होत नाही.”

“माझ्या कानाला सगळ्या सारख्या.”

“मग बेळगावच्या माणसाला दाखवू का?”

हे मात्र लागलं. माझ्या कामात आजवर दुसऱ्या कुणाचा स्क्रू-ड्रायव्हर गेलेला नाही.

“काय केलं म्हणजे तुमची खात्री पटेल ते सांगा,” मी म्हणालो.

मिसनी छापील नोटेशनचं एक पान पुढं ठेवलं. “हे वाजवा. लिहिलंय अगदी तसं. ह्यात ती पट्टी येते. मग तुम्हीच सांगा. तोवर मी कुणाला बोलवत नाही.”

“एवढंच ना?”

एवढंच नव्हतं ते. पाच रेघा, त्यांच्यावर ठिपके. ठिपका वर चढला की सूर चढतो. पोकळ ठिपका जास्त वेळ धरायचा, भरलेला कमी. शेपूट असली की पळायचं. इथवर ठीक.

“ह्यात सा कुठला?”

“सा नाही, सी. ही पट्टी.”

“आणि गवई बदलला तर?”

“तरी हीच. सी हलत नाही.”

“हट्टी आहे.”

“हौदु अण्णा, आहेच. तुमचं जमेल त्याच्याशी.”

खाली आणखी पाच रेघा. त्या डाव्या हाताच्या. इथं माझी गाडी चिखलात गेली. जन्मभर माझ्या डाव्या हातानं भाता मारला. सूर वाजवणं उजव्याचं काम. पट्टीवर ठेवला की डावा हवाच घालायला बघायचा.

घरी पेटीवर सराव करायचा, तर भाता कोण मारणार? बायकोला समोर बसवलं.

“जन्मभर पेट्या दुरुस्त केल्यात,” ती म्हणाली, “आणि हवा घालायला मी?”

“नीट घाल. सूर पडतोय.”

“सूर नाही पडत. तुमचं बोट चुकतंय.”

तिचं बरोबर होतं. मी ते हवेवर ढकललं.

एका दुपारी दोन्ही हात जुळले. उजवा वर चढला, डावा खाली उतरला, आणि मधे कुठं भांडण झालं नाही. मला हसू फुटलं ते थांबेना. तीही हसायला लागली, भाता सुटला, पेटी मुकी झाली. “परत, परत,” मी म्हणालो. ह्या वयात माणूस असा नाचतो हे मला माहीत नव्हतं. बाहेर एक रिक्षावाला रिक्षा थांबवून खिडकीतून बघत होता. त्यालाही बसवून ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी मिसच्या घरी पूर्ण पान वाजवलं. “बघा. ठणठणीत आहे.”

मिसनी पानाच्या अगदी तळाला बोट ठेवलं. “हे राहिलं.”

तिथं बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि थोडं पुढं एक चांदणी. लग्नपत्रिकेवर असते तशी नक्षी असेल म्हणून मी सोडून दिली होती.

“अक्षरं आली की उजवा पेडल दाबायचा,” मिस म्हणाल्या. “चांदणी आली की पाय उचलायचा.”

मी खाली बघितलं. माझा पाय पेडलवरच होता. नाटकातल्या पायपेट्या वाजवून पायाला सवय: बसलं की हवा मारायची. थोडा उठत होता, परत दाबत होता, पण पुरता सुटत कधीच नव्हता. पियानोच्या ह्या पेडलचा हवेशी काही संबंध नाही. तारांवर फेल्टच्या छोट्या गाद्या बसलेल्या असतात, त्यांना डँपर म्हणतात. त्यांच्यामुळं तार गप्प होते. हा पेडल दाबला की सगळे डँपर एकदम उचलले जातात. मग मला सगळ्या पट्ट्या सारख्याच घुमणार की.

परत सुरू केलं. चांदणी आली, पाय उचलला. सगळं गप्प झालं आणि ती एक पट्टी भुंग्यासारखी गुरगुरत राहिली.

मी झाकण उघडलं. तिच्या डँपरचं फेल्ट जरा रुंद कापलेलं, शेजारच्याला घासून अडकत होतं. कापणारा मीच. कात्रीनं कड काढली. वाजवलं. गप्प.

“मिस, माझा पाय तुम्ही कधी बघितला?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“ऐकलं असतंत?”

मी विचार केला. “नाही.”

राग यायला पाहिजे होता. पण मी आधीच पान पहिल्या ओळीवर आणून ठेवलं होतं, अजून एकदा वाजवायला.

धंद्यातल्या पोरांना एवढंच सांगतो: गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्यासारखं वाजवून तपासा, तुमचे कान कितीही चांगले असोत. माझे चांगलेच आहेत. घोटाळा पायानं केला.