एकाच तोंडची खबर

दापोडीत आमच्या शेजारच्या खोलीत गोव्याचे एक काका भाड्याने राहत. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगिजांचं राज्य होतं. काका तिथल्या एका वर्तमानपत्रात काम करायचे. पोलीस धरायला आले तेव्हा ते मागच्या दाराने निघाले आणि हद्द ओलांडून इकडे आले. मग त्यांच्यासारख्याच परागंदा झालेल्या दोघातिघांनी सरहद्दीजवळच्या जंगलात एक छोटं रेडिओ केंद्र चालू केलं. गोव्यात जे छापायला बंदी, ते तिथून रोज सकाळी कोकणीत वाचलं जाई. जंगलातल्या ओलीने काकांची छाती बिघडली, म्हणून मित्रांनी त्यांना इकडे धाडलं. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात ते बाटल्या तपासायचे.

त्यांची आई गावी एकटीच होती. तिला भेटायला जाणं म्हणजे सरळ तुरुंगात जाणं. तरी एकदा तिला बघायचंच, असं ते म्हणत. दुसरं काही त्यांनी मागितलेलं मला आठवत नाही.

मी नुकताच पुण्याच्या कॉलेजात जाऊ लागलो होतो, आमच्या घरातला पहिलाच. तिथे माझं तोंड उघडत नसे. काकांशी मात्र बोलता येई. सकाळी गाडीच्या आधी आम्ही दोघं स्टेशनाजवळच्या चाचांच्या सायकलच्या दुकानात जायचो, कारण रेडिओ त्यांच्याकडे होता.

"या, पेपरवाले," चाचा म्हणायचे. "तुमचं जंगल आज लई खरखर करतंय. वाघबिघ शिरला का काय?"

"वाघ परवडला, चाचा. ओल नको."

एकदा मी काकांना विचारलं, की गोव्यातल्या गोळीबाराची बातमी इथल्या पेपरात येऊन गेली, तुमचं केंद्र अजून गप्प कसं? तेव्हा त्यांनी सांगितलं. गोव्यातून आलेली खबर दोन वेगवेगळ्या माणसांकडून कळल्याशिवाय कुणाला सांगायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता. सुरुवातीला एका कैद्याच्या मृत्यूची बातमी त्यांनी एकाच्याच सांगण्यावरून वाचली होती. गावात त्याच्या बायकोने बांगड्या फोडल्या. माणूस तुरुंगात जिवंत होता.

"बातमी चुकली असं दुसऱ्या दिवशी म्हणता येतं रे," काका म्हणाले. "पण त्या बाईला काय म्हणायचं?"

होळीच्या सुमाराला बातम्या वाचणाऱ्याचा आवाज जड येऊ लागला. हा काकांचाच तरुण सोबती. त्यांनीच त्याला बातम्या वाचायला शिकवलं होतं.

"घसा बसलाय याचा," काका कुरकुरले. "गुळण्या कर म्हणून निरोप धाडायला पाहिजे."

होळीला माझ्या आईने त्यांना आग्रहाने पुरणपोळी वाढली. ते पोटभर जेवले, आणि गावाकडे आई नारळाचा रस कसा करते ते सांगत बसले.

पुढे एका रविवारी दुपारी तो सोबतीच आला. मी काकांच्या खोलीतच होतो. त्याने चपला काढल्या आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"तुमची आई गेली," तो म्हणाला. "होळीच्या आधीच खबर आली होती. पण एकाच तोंडची होती. दुसरा माणूस काल हद्दीवर आला."

"म्हणजे तू रोज वाचत होतास, आणि तुला माहीत होतं?"

"होय."

काकांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. "बरोबर केलंस," ते म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मी उठून जावं की थांबावं, मला कळेना. मी थांबलो.

माझी आई दारात येऊन रडू लागली. "सुतकात माझ्या हातनं गोडधोड खाल्लं की वो त्यांनी! मला काय ठावं?"

"वहिनी, तुमचा काय दोष?" काका म्हणाले. "मी खात होतो तेव्हा ती माझ्यापुरती जिवंत होती की."

त्यांनी केस उतरवले आणि दहा दिवस सुतक धरलं. माझी आई त्यांच्यासाठी अळणी रांधायची. चाचा रोज दुकान बंद करून येत आणि नुसते शेजारी बसत.

त्या रविवारी सोबती निघताना काकांनी त्याला एकच विचारलं होतं. ते एकुलते. मग आईला अग्नी कुणी दिला?

सोबत्याने मान खाली घातली. "विचारून सांगतो."

पावसाळ्याच्या तोंडाला त्याचा निरोप आला. एकजण म्हणतो चुलत पुतण्याने दिला. दुसरा म्हणतो शेजारच्या सुताराने, कारण पोलिसांच्या भीतीने नात्यातलं कुणी आलंच नाही. दोघांचं जुळत नाही. तेव्हा केंद्राला काहीच सांगता येत नाही.

काकांनी तो निरोप मला सांगितला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मग कारखान्याची वेळ झाली म्हणून ते सायकल काढायला गेले.