माझ्याच शहरात मी दुभाषी

मागणी एका ओळीची होती: मुलींच्या वसतिगृहाचं गेट साडेसातला बंद होतं, ते दहाला बंद व्हावं. विद्यार्थी संघटनेत तीन वर्षं पत्रकं लिहून मला एवढं कळलंय, की मागणी वर लिहायची आणि रडगाणं खाली. आता रडगाणं.

माझ्या शेजारच्या खोलीत मंगोलियाची एक मुलगी राहायला आली, एम.एस्सी.साठी. मराठी ती आमच्याकडूनच उचलत होती, म्हणजे आम्ही बोलतो तशी. कोल्हापूरकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिनंही बाहेर जाताना रजिस्टरात लिहिलं, 'मी जेवून येतो.' रेक्टरबाईंनी लाल पेनानं 'येतो'चं 'येते' केलं आणि शेजारी परतायची वेळ लिहिली: दहा.

"तिला दहा आणि आम्हाला साडेसात?" मी विचारलं.

"त्यांना सवय असते. तुमची जबाबदारी माझ्यावर आहे."

म्हणजे उलानबातरहून आलेली पोरगी कोल्हापुरात हरवणार नाही, आणि याच जिल्ह्यातल्या शिरोळहून आलेली हरवेल. हे लॉजिक मी आजतागायत मान्य केलेलं नाही.

ती रोज परत येऊन मला माझंच शहर सांगायची. रंकाळ्यावर कोण गिटार घेऊन बसतं, पेठेतली पोरं फुटबॉलवरून कशी एकमेकांच्या अंगावर जातात. एकदा म्हणाली, "इथली मुलं रात्री कट्ट्यावर जमतात आणि दूध पितात! म्हशीचं, समोर पिळून!" तिला हसू आवरेना. मला हसू आलंच नाही. गंगावेशीतल्या त्या दूध कट्ट्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत होते. माझा भाऊ जाऊन आलेला, वर्गातली पोरं रोज जायची. मी तीन वर्षं याच शहरात राहून तो एकदाही पाहिला नव्हता.

मग तिनंच डोकं लढवलं. रेक्टरबाईंना म्हणाली, मला मराठी येत नाही, सोबत दुभाषी पाहिजे. मराठीतच म्हणाली. बाईंनी चिठ्ठीवर सही केली.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजले होते. रस्त्याकडेला म्हशी, कट्ट्यावर पोरं. बायका दोनच, त्याही आपापल्या नवऱ्याच्या गाडीवरून न उतरता पीत होत्या. गवळीमामांनी फेसासकट ग्लास पुढं केला.

"पावणं, कच्चं हाय हे. झेपंल का?"

"आमच्याकडं घोडीचं पितो की," ती म्हणाली आणि एका दमात ग्लास रिकामा केला.

कट्ट्यावर एकच आरडाओरडा. "मामा, म्हस इका, घोडी आणा!" एक जण ओरडला. दुसऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "आणि ह्या ताई कोण?"

"मी दुभाषी."

"तिला कशाला पायजे दुभाषी? तुमच्यापरास झ्याक बोलतीया ती!"

मामांनी मलाही ग्लास दिला. "कुठल्या तुम्ही, ताई?"

"शिरोळची."

"मग हितं याआधी कवा दिसला न्हाईसा?"

त्यांनी सरळ मनानं विचारलं होतं. मोर्चात पोलिसांना तोंडावर उत्तर देणारी मी, पण तिथं ग्लास तोंडाला लावला. साडेसातला आम्हाला आत घेतात, हे त्या पोरांसमोर सांगायची लाज वाटली. आणि लाज मला का वाटावी, हा राग वसतिगृहात येईपर्यंत डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुभाष्याची चिठ्ठी पुढं आली, ती मी परत केली. रजिस्टरात स्वतःचं नाव लिहिलं. कारण: दूध पिणे. परत येण्याची वेळ: दहा.

"घरी फोन लावते," रेक्टरबाई म्हणाल्या. "खोली सोडावी लागेल."

"लावा."

पप्पा साखर कारखान्यात फिटर. बाईंनी त्यांना खोली काढून घेऊ म्हणून सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला. "पप्पा, मी काल रात्री दूध प्यायला गेलतो," मी म्हणाले.

पलीकडं यंत्रांची घरघर. त्यावरून आवाज चढवून पप्पा म्हणाले, "खोली गेली तर घरला यायचं. मग तुझ्या लग्नाचं बघायचं."

"आणि न्हाय गेली तर?"

"तर तुझं तू बघ."

बाईंनी पहिलं वाक्य ऐकलं, मी शेवटचं. अर्ध्या पानाचं पत्रक लिहिलं आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. पुढच्या संध्याकाळी रजिस्टरातल्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'दूध पिणे'. ज्यांना दूध पचत नाही त्यांचंसुद्धा.

विश्वस्तांनी दोनदा बैठक घेतली. शेजारशेजारच्या खोल्यांना वेगवेगळी वेळ का, हे लेखी द्या, एवढंच आम्ही मागत राहिलो. ते कुणाला लिहिता आलं नाही. माझी खोली राहिली. गेटची वेळ नऊ झाली, आणि समानता म्हणून माझ्या मंगोलियन शेजारणीचेही दहाचे नऊ केले. तिनं मला शिव्या घातल्या, आम्हीच शिकवलेल्या. त्या मी ऐकून घेतल्या, कारण तिचा तो एक तास अजून बाकी आहे आणि आम्ही तो वसूल करणार आहोत.

नव्या वेळेच्या पहिल्या संध्याकाळी साडेसात वाजून गेले आणि गेट उघडंच राहिलं. सगळ्या पोरी बाहेर येऊन भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"आता कुठं जायचं असतं गं?" एकीनं विचारलं. कुणालाच सांगता येईना.

वॉचमनकाका वैतागले. "आत तरी जावा, न्हायतर बाहेर तरी. दारात गर्दी करू नगासा."

आम्ही बाहेर निघालो.